अरब राष्ट्रवादी संघटनांमागचा ‘परकी हात’ कसा तपासावा

ऑटोमन (तुर्की) साम्राज्यातल्या अरब राष्ट्रवादी संघटना परकीयांच्या इशाऱ्यावर चालत होत्या, असा आरोप होतो. तो तपासायचा तर सुरुवात तक्त्याने करा. सहा रकाने पाडा: संघटना, स्थापनेचे ठिकाण व वर्ष, सभासद, त्या वर्षीची मागणी, परकीयांशी संबंध, आणि ही माहिती देणारा कोण. शेवटचा रकाना रुंद ठेवा, कारण सगळे वाद शेवटी तिथेच येऊन अडकतात. काळ १९०८ ते १९२० एवढाच घ्या. बाथ पक्ष किंवा नासर असे नंतरचे अरब राष्ट्रवादी यात ओढलेत की तक्ता हाताबाहेर जातो.

आधी संघटना भरा. अल-फतात पॅरिसमध्ये शिकणाऱ्या अरब विद्यार्थ्यांची. पुढे तिचे केंद्र बैरुतला आणि मग दमास्कसला गेले. अल-अहद १९१३ मध्ये अझीझ अली अल-मसरी यांनी उभी केली. ती लष्करी अधिकाऱ्यांची होती आणि त्यांत इराकी बरेच. कैरोचा विकेंद्रीकरण पक्ष आणि बैरुतची सुधारणा समिती उघडपणे काम करत. सभासदसंख्या फुगवू नका. महायुद्धापूर्वी अशा मंडळांत किंवा जाहीरपणे या चळवळीत असलेली, नावानिशी ठाऊक माणसे एका अभ्यासकाने मोजली, ती १२६ भरली.

मागणीचा रकाना वर्षागणिक भरा. सर्वाधिक चुका इथे होतात. मक्केचे शरीफ हुसेन यांनी १९१६ मध्ये ऑटोमनांविरुद्ध केलेल्या बंडातली स्वातंत्र्याची मागणी लोक सर्रास १९१३ वर चिकटवतात. १९१३ मध्ये १८ ते २३ जूनला पॅरिसमध्ये भरलेल्या अरब परिषदेने मागितले ते ऑटोमन साम्राज्यात राहूनच: प्रांतांना अधिकार, अरबीला अधिकृत दर्जा, सैनिकांची नेमणूक शक्यतो आपापल्या प्रांतात. इस्तंबूलच्या सत्ताधाऱ्यांनी प्रतिनिधी पाठवून तडजोडही केली. परिषदेचे अध्यक्ष अब्द अल-हमीद अल-झहरावी यांना १९१४ मध्ये ऑटोमन सिनेटमध्ये जागा मिळाली. आणि ६ मे १९१६ रोजी दमास्कसमध्ये त्याच सरकारने त्यांना फाशी दिली.

आता परकी संबंध. एकाच रकान्यात ‘होय’ लिहून मोकळे होऊ नका; त्याचे चार भाग करा: आसरा, संपर्क, पैसा किंवा शस्त्रे, आणि हुकूम. पॅरिस किंवा ब्रिटिशांच्या ताब्यातले कैरो म्हणजे आसरा. तिथे ऑटोमन पोलिसांचा हात पोचत नसे, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावरून हुकूम सिद्ध होत नाही. फ्रान्सला सीरियात रस होता हे मात्र निर्विवाद. पंतप्रधान प्वँकारे यांनी डिसेंबर १९१२ मध्ये सिनेटमध्ये तसे जाहीर सांगितले होते.

संपर्काचा पुरावा वाचताना तो कोणाच्या कपाटातून आला ते पाहा. युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच कॉन्सुल जनरल जॉर्ज-पिको बैरुत सोडून गेले, कागदपत्रे मागेच राहिली. ती सीरियातले ऑटोमन लष्करी प्रमुख जमाल पाशा यांच्या हाती पडली आणि खटल्यांत वापरली गेली. ऑगस्ट १९१५ मध्ये बैरुतला ११ जणांना, तर ६ मे १९१६ रोजी बैरुत व दमास्कस मिळून २१ जणांना फाशी झाली. हे कागद बनावट नव्हते. पण कॉन्सुलला भेटून गाऱ्हाणे मांडणारा आणि त्याच्या सांगण्यावरून वागणारा यांत फरक असतो, आणि लष्करी न्यायालयाला तो करायचा नव्हता.

प्रभाव उलट्या दिशेनेही वाहतो, हे बहुतेक जण विसरतात. अल-अहदचा तरुण अधिकारी मुहम्मद शरीफ अल-फारूकी १९१५ मध्ये गॅलिपोलीला ब्रिटिशांच्या बाजूला गेला. कैरोत त्याने गुप्त मंडळांची ताकद वारेमाप फुगवून सांगितली, आणि इजिप्तमधले ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहोन यांनी २४ ऑक्टोबरला शरीफ हुसेनना लिहिलेल्या पत्रावर त्याची छाप पडली. इथे कोणी कोणाला वापरले? शिवाय ‘ब्रिटिश’ म्हणजे एक डोके नव्हे. कैरोतले अधिकारी शरीफ हुसेनना चुचकारत होते, तर ब्रिटिशांच्याच भारत सरकारला ती योजना मुळीच पसंत नव्हती. म्हणून तक्त्यात नुसते ‘ब्रिटन’ लिहू नका. कोणते कार्यालय, ते लिहा.

त्याच पत्राचा इंग्रजी मजकूर अरबीशेजारी ठेवून वाचा. दमास्कस, होम्स, हमा, अलेप्पो यांच्या पश्चिमेचा प्रदेश अरबांना देऊ केलेल्या भागातून वगळताना इंग्रजीत ‘जिल्हे’ या अर्थाचा शब्द आहे, अरबीत ‘विलायत’ (ऑटोमन प्रांत). होम्स आणि हमा या विलायती नव्हत्याच. पॅलेस्टाईन अरबांना देऊ केले होते की नाही, हा वाद बराचसा या एका शब्दावर लोंबकळत राहिला.

तारखांचा सापळा वेगळाच. ऑटोमन कागदांवर बहुधा रूमी सन, म्हणजे ऑटोमनांचा सरकारी सौर सन, असतो. १९१७ च्या आधीची तारीख असेल तर सनात ५८४ मिळवा (जानेवारी-फेब्रुवारी असल्यास ५८५), मग १३ दिवस पुढे जा. इस्तंबूलमधले बंड म्हणजे ‘३१ मार्चची घटना’ घडली ती १३ एप्रिल १९०९ रोजी, ती यामुळेच. हे न केल्यास पत्र आणि उत्तर यांचा क्रम उलटतो आणि कटाचा भास होतो.

तक्ता भरला की परकी संबंधांच्या तारखा लाल शाईने गिरवा. शस्त्रे आणि पैसा जून १९१६ च्या बंडाभोवती दाटलेले दिसतील, संघटनांची स्थापना त्याच्या कितीतरी आधी. शेवटची लाल खूण २४ जुलै १९२० ची: दमास्कसजवळ मैसलूनला फ्रेंच फौजेने दमास्कसचे रक्षण करणाऱ्यांचा पराभव केला. शरीफ हुसेन यांचा मुलगा फैसल याला मार्चमध्ये राजा घोषित केलेल्या सीरियन काँग्रेसमध्ये अल-फतातची माणसे होती. ज्यांच्यावर फ्रान्सचे हस्तक म्हणून खटले चालले, त्यांचे साथीदार इथे फ्रान्सविरुद्ध उभे आहेत. ही ओळ तक्त्यात नेमकी कुठे बसते ते ठरवल्याशिवाय लिहायला घेऊ नका.