पिल्लं सापडली? लगेच उचलू नका

पावसाळा सरला की प्राणी-निवाऱ्यात असे फोन वाढतात: "जिन्याखाली कुत्र्याची पिल्लं आहेत, घेऊन जा." आधी लांब उभं राहून दोन-तीन तास पाहा. आई बहुतेकदा अन्न शोधायला गेलेली असते. ती असताना पिल्लं निवाऱ्यात आणणं म्हणजे त्यांना पार्वो, डिस्टेंपर अशा जीवघेण्या संसर्गजन्य रोगांच्या तोंडी देणं.

आई आलीच नाही, तर पहिलं काम ऊब, दूध नव्हे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच कडेला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. अंग उबदार लागलं की पिल्लांसाठीची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून, पिल्लू पालथं ठेवून, दर दोन-तीन तासांनी पाजा. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. गाईच्या दुधानं हगवण लागते.

डोळे मिटलेली पिल्लं आपणहून शू-शी करत नाहीत. प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालून हलकेच पुसा. हे राहिलं तर नीट दूध पिणारं पिल्लूही दगावतं.

फोनवर ठिकाण, संख्या, डोळे उघडलेत का ते सांगा. आई परतली तर तिच्या नसबंदीचं बोलून ठेवा; पिल्लं अंगावरचं दूध सोडेपर्यंत मात्र तिला पकडायचं नाही.