शाळेच्या ग्रंथालयात ऑनलाइन साधनं : या चुका टाळा

एका सकाळी देवघेवीची गूगल शीट उघडली, तर सहावीतल्या एका मुलाच्या नावावर इंग्रजी-मराठी शब्दकोश. गडी नेहमी कोळी, मुंग्या, साप यांचीच पुस्तकं नेणारा. खालच्या ओळीत पाहिलं, तिथेही भलतंच. आदल्या दिवशी एका बाईंनी मदत म्हणून ‘नावं अकारविल्हे लावून देते’ म्हणत पुस्तकांच्या नावांचा रकाना तेवढा निवडला आणि सॉर्ट केला होता. पुस्तकं हलली, मुलं जागच्या जागी राहिली. हजारभर नोंदींची खिचडी.

त्यांची चूक नव्हती, माझी होती. शीट सगळ्यांना ‘एडिटर’ म्हणून खुली केली होती मी. आपण दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची मूळ वही, कुणाच्या हातात देतो का? कपाटाची किल्ली कमरेला असते. तीच वही ऑनलाइन गेली की मात्र लिंक शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून मोकळे होतो. पुढच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत.

अशी खिचडी झाली तर घाबरून हाताने दुरुस्त करत बसू नका. फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीत जा, गोंधळाच्या आधीची वेळ निवडा. पण लगेच ‘रिस्टोअर’ दाबू नका, कारण नंतर झालेल्या खऱ्या नोंदीही त्यात जातात. आधी आजच्या शीटची प्रत काढून ठेवा, मग जुनी परत आणा आणि मधल्या नोंदी प्रतीतून बघून भरा. पुढे असं होऊ नये म्हणून सहकाऱ्यांना ‘व्ह्यूअर’ ठेवा. ज्यांना नोंद करावीच लागते त्यांच्यापुरते दोन-तीन रकाने उघडे ठेवून बाकीचे ‘प्रोटेक्ट’ करा. आणि ज्यांना आपल्या सोयीचा क्रम हवा असतो त्यांना फिल्टर व्ह्यू शिकवा. त्यात क्रम त्यांच्यापुरताच बदलतो, मूळ यादीला धक्का लागत नाही.

शीटला आकड्यांचा सोस असतो

दाखल क्रमांक ००४५७ लिहिला की शीट पुढची शून्यं गिळते. एक्सेलमध्ये तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक) भरला की रकान्यात दशांश चिन्ह आणि ‘ई’ असलेलं काहीतरी विचित्र दिसू लागतं. वर्ग-तुकडी ‘५-२’ लिहिली तर तिची तारीख होते. उपाय एकच आणि तो नोंदी भरायच्या आधीच करायचा: हे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘प्लेन टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गिळलेली शून्यं परत येत नाहीत.

शीट ‘सीएसव्ही’ (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून उतरवून एक्सेलमध्ये थेट उघडली, तर मराठीची जागोजाग गिचमीड दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलला लिपी ओळखता आलेली नसते. ‘एक्सएलएसएक्स’ (एक्सेलची स्वतःची फाइल) म्हणून उतरवा, प्रश्न मिटतो.

मराठी नावांची गंमत

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आधीची यादी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. शीटमध्ये चिकटवली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी फॉन्ट परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात. संपूर्ण यादी एकदम बदलू नका. वीस नोंदी करून पाहा, काय मोडतं ते कळतं.

युनिकोडमध्येही खाचा आहेत. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाही. त्यामुळे पुस्तक कपाटात असतं, यादीत असतं, पण शोधल्यावर सापडेलच असं नाही. अशा वेळी ‘किना’ एवढंच शोधा. सापडलं की एका नोंदीतलं अक्षर उचलून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडे एकसारखं करा.

आणि लेखक! आमच्या यादीत पु. ल. देशपांडे पाच रूपांत होते: पु.ल., पु. ल., पुल, देशपांडे पु. ल. आणि एकदा पुरुषोत्तम लक्ष्मण. लेखकांची एक वेगळी शीट करून आडनाव आधी या पद्धतीने नावं लिहा. मुख्य शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशनने त्याच यादीचा ड्रॉपडाउन द्या. नोंद करणाऱ्या मुलांना टाइप करायला लावूच नका, निवडायला लावा.

फॉर्म आणि भिंत

वाचलेल्या पुस्तकाचा अभिप्राय गूगल फॉर्मवर मागवताना मी ‘एकाला एकच उत्तर’ ही सेटिंग चालू केली. मोठी हुशारी वाटली. दुसऱ्या दिवशी पाचवीतला मुलगा हिरमुसून उभा: ‘बाई, ताईने भरला, माझा घेतच नाही.’ घरात फोन एक, त्यात खातं बाबांचं. ती सेटिंग माणूस मोजत नाही, खातं मोजते. ती बंद करा. ईमेलही गोळा करू नका; वर्ग, तुकडी आणि हजेरी क्रमांक पुरे. एकाच मुलाची दोन उत्तरं आली तर शेवटचं धरा. फॉर्ममधून फोटो मागवला तरी साइन-इन लागतंच. त्यापेक्षा चित्र कागदावर आणायला सांगा, ग्रंथालयातच फोटो काढा. मुलांची माहिती जितकी कमी गोळा कराल तितकं बरं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं मूल म्हणजे बालक, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

पॅडलेटची भिंत, म्हणजे मुलांना आपापल्या चिठ्ठ्या लावता येतील असा ऑनलाइन फलक, आम्ही १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, सभागृहात प्रोजेक्टरवर लावली. नाव न लिहिता लिहायची मुभा होती. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग गणिताच्या सरांचं टोपणनाव मोठ्या अक्षरांत झळकलं. सर पहिल्या रांगेत. मुलं लाजून लिहीत नाहीत म्हणून नाव ऐच्छिक ठेवायला माझी हरकत आजही नाही, पण ‘मंजुरीनंतरच दिसेल’ ही सेटिंग चालू हवी आणि मंजुरी देणारा माणूस मोकळा हवा, सूत्रसंचालन करणारा नको.

पीडीएफचा मोह

पालकांच्या गटावर कुणीतरी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ टाकतं आणि आपण ‘वा!’ म्हणत पुढे ढकलतो. ग्रंथपालाने तरी हे करू नये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन मुक्त आहे (नव्या आवृत्तीची चित्रं आणि प्रस्तावना मात्र वेगळी धरा). पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत नाही. देण्यासारखं रीतसर पुष्कळ आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, छापता येतात, मुलांकडून भाषांतरही करून घेता येतं. विश्वकोश ऑनलाइन आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं मंडळाच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. लिंक तिथलीच द्या.

साधन उद्या नसेल

गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. वर्गावर्गात त्यावर बसवलेले उपक्रम नव्याने मांडावे लागले. म्हणून नवीन साधन घेताना मी आता एकच गोष्ट आधी बघते: यातून माझं सामान बाहेर काढता येतं का? येत नसेल, तर ते कितीही गोजिरं असो, एका तासाच्या उपक्रमापुरतं वापरायचं.

देवघेवीच्या शीटची प्रत दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी पेनड्राइव्हवर उतरवते. पेनड्राइव्ह दाखल नोंदवहीच्या कपाटात असतो आणि त्याची किल्ली माझ्याकडे.