जागतिक इतिहासाची तयारी : आधी नकाशा, मग माल, सनावळी त्यानंतर

जगाचा इतिहास अभ्यासाला घेताना सर्वांत आधी टेबलावर हवा तो जगाचा कोरा नकाशा. त्याच्या भरपूर झेरॉक्स काढून ठेवा. सोबत एक जाड वही घ्या आणि तिच्या पानांवर चार रकाने आखा : माल कोणता, निघाला कुठून, पोचला कुठे आणि त्यापायी कोण भरडलं गेलं. सन लिहायचा तो समासात. नुसती घोकलेली सनावळी दोन आठवड्यांत निसटते, पण मालाच्या मागे मागे चालत गेलात तर सन आपोआप जागेवर बसतात आणि साम्राज्यवादाचा प्रश्न आला की उत्तरात कारणंही येतात. हे मी ठामपणे सांगते. चौथा रकाना कधीच रिकामा सोडू नका.

वेळेची वाटणीही आधीच ठरवा. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात जागतिक इतिहास अठराव्या शतकापासूनच आहे, त्यामुळे प्राचीन संस्कृतींत महिना घालवू नका. पण तो भाग वगळूही नका. व्यापार, कर, कर्ज आणि फौज यांचं नातं तिथेच पहिल्यांदा दिसतं.

नकाशावर आधी चार नद्यांचे प्रदेश रंगवा : टायग्रिस-युफ्रेटिस, नाईल, सिंधू आणि ह्वांग हो. मेसोपोटेमियाच्या पानावर लिहा की लिपीचा जन्म सुमारे इ.स.पू. ३२००च्या आसपास उरुकमध्ये झाला आणि सुरुवातीच्या पाट्यांवर बहुतेक हिशेबच आहेत : जव किती आलं, कोणाला किती दिलं. मग उर शहरातली, सुमारे इ.स.पू. १७५०ची एक पाटी नीट समजून घ्या. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एया-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला लिहिलेली ती तक्रार आहे. चांगलं तांबं देतो म्हणालास आणि हलकं पुढे केलंस, माझ्या माणसाला अपमान करून रिकाम्या हाती पाठवलंस, तेही शत्रूच्या मुलखातून, यापुढे माल मीच निवडून घेईन, असा त्याचा रोख आहे. हे तांबं दिलमुनच्या, म्हणजे आजच्या बहारीनच्या बाजूने यायचं, आणि त्याच समुद्री वाटेवर पुढे मेलुहा होतं. मेलुहा म्हणजे सिंधू खोरं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, अशी प्रौढी अक्कडच्या सारगॉनने मिरवली आहे, आणि उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत सिंधूकडच्या लालसर कार्नेलियनचे मणी सापडले आहेत. ही एक साखळी पक्की झाली की मेसोपोटेमिया आणि हडप्पा ही दोन वेगळी प्रकरणं राहत नाहीत.

बाकीचं झटपट उरका. हम्मुराबीची कायदेसंहिता त्याच काळातली, बसाल्टच्या स्तंभावर कोरलेली. तो स्तंभ १९०१ मध्ये सुसा इथे सापडला. खुफूचा पिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६०चा. रोझेटा शिळा १७९९ मध्ये नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत मिळाली आणि तिच्या आधारे शाम्पोलियोंने १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली, म्हणजे हा मुद्दा प्राचीन भागातही लागतो आणि आधुनिक भागातही. चीनचं चिन घराण्याखालचं एकीकरण इ.स.पू. २२१चं. ग्रीसमध्ये क्लेस्थिनिसच्या सुधारणा इ.स.पू. ५०८, मॅरेथॉन ४९०, सॅलॅमिस ४८०, पेलोपोनेशियन युद्ध ४३१ ते ४०४, अलेक्झांडरचा मृत्यू ३२३. एवढं पाठ असलं की पुरे.

रोमकडे मात्र थांबा. इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी इजिप्त रोमच्या हातात गेला. तांबड्या समुद्राची बंदरं त्यासोबत आली आणि मोसमी वाऱ्यांवर भारताकडे येणारी जहाजं वाढली. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात रोमन घडणीची पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, भारताकडे जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने करून ठेवली आहे. तो आकडा हिशेबाचा म्हणून नव्हे, रोमच्या धनिकांची काळजी म्हणून वापरा. पुढे ३१३चा मिलानचा आदेश, ३३०चं कॉन्स्टँटिनोपल आणि ४७६ मध्ये पश्चिम रोमचा शेवट समासात नोंदवा.

मध्ययुगाला एकच पान द्या. ६२२ हिजरत, ७६२ बगदादची स्थापना, १०९९ मध्ये धर्मयुद्धातल्या ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम घेतलं, १२०६ मध्ये चंगीझखान, १२१५ मॅग्ना कार्टा, १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, १३२४ मध्ये मालीच्या मन्सा मुसाची सोन्याने गाजलेली हजयात्रा, १३४७ ते १३५१ काळी महामारी. मन्सा मुसा गाळू नका. आफ्रिकेचा इतिहास गुलामांच्या जहाजापासून सुरू होतो, असा समज आपल्या नोट्समध्ये नकळत शिरलेला असतो.

आता १४५३. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, व्यापाराची वाट बंद झाली आणि म्हणून युरोपीय समुद्रात उतरले, हे वाक्य जवळपास प्रत्येक गाइडमध्ये आहे. ते जसंच्या तसं लिहू नका. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउता बंदर घेतलं ते १४१५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षं आधी, आणि मिरी १४५३ नंतरही अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला पोचतच होती. पोर्तुगीजांना त्या मधल्या दलालांना बाजूला सारून थेट माल हवा होता. हे लक्षात आलं की १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालणारा डायस, १४९२चा कोलंबस, स्पेन-पोर्तुगालने नवे प्रदेश वाटून घेतलेला १४९४चा तोर्देसियासचा तह, १४९८ मध्ये कालिकतला आलेला वास्को द गामा, १५१० मध्ये घेतलेला गोवा आणि १५११ मध्ये घेतलेलं मलाक्का एकाच धाग्यात ओवले जातात.

यापुढचा धागा चांदीचा. तो बहुतेकांच्या नोट्समध्ये नसतो. १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांचं तेनोच्तित्लान पडलं, १५३३ मध्ये स्पॅनिश इंकांच्या कुस्कोत शिरले, १५४५ मध्ये पोतोसीचा चांदीचा डोंगर हाती लागला. डोंगरात राबायला मूळ रहिवाशांना ‘मिता’ या सक्तीच्या पाळीने धरून आणलं जायचं. ही चांदी अटलांटिक ओलांडून युरोपात आणि तिथून पूर्वेकडे गेली, तर दुसऱ्या बाजूने मनिलाच्या गलबतांतून चीनमध्ये. युरोपकडे आशियाला विकण्याजोगा माल फारसा नव्हता, म्हणून तो चांदी मोजत राहिला. ही गोष्ट वहीत अधोरेखित करा, कारण अफूचं युद्ध यातूनच येतं.

कंपन्यांच्या पानावर इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा ३१ डिसेंबर १६०० आणि डच कंपनीचा १६०२ हे सन हवेतच, पण डच कंपनी समजायची तर आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं बघा. जायफळाचा मक्ता मिळवायला डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान कून याने १६२१ मध्ये तिथली जवळपास सगळी वस्ती संपवली : कत्तल, उपासमार, गुलामी. जायफळाचंच रन नावाचं बेट १६६७च्या ब्रेडाच्या तहाने डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. मुंबई १६६१ मध्ये पोर्तुगालकडून आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीकडे गेली.

गुलामांच्या व्यापारासाठी पान पूर्ण द्या. सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसं जहाजांत चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. या दोन आकड्यांमधला फरक लिहून ठेवा, तो समुद्रात गेलेल्या माणसांचा आहे. ब्रिटनने १८०७ मध्ये हा व्यापार थांबवला, १८३३ मध्ये गुलामी रद्द करणारा कायदा केला आणि २ कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना. सुटलेल्यांना काहीच मिळालं नाही. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते, म्हणून कराराने मजूर नेण्याची गिरमिटिया पद्धत आली. मॉरिशसच्या मराठी समाजाची मुळं कोकणातून गेलेल्या अशाच मजुरांत आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीचे १७८९, १७९३, १७९९, १८०४ आणि १८१५ हे सन सगळ्यांकडे असतात. त्यांना तेव्हाची फ्रेंच वसाहत हैती जोडा. १७९१ ते १८०४ या काळात गुलामांनीच बंड करून उभं केलेलं ते राष्ट्र त्याच समतेच्या घोषणेची खरी परीक्षा होतं.

अमेरिकन स्वातंत्र्यात १६ डिसेंबर १७७३ला बोस्टनच्या बंदरात फेकला गेलेला चहा आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात आला. एवढे दोन दुवे उत्तराला वजन देतात.

औद्योगिक क्रांतीत शोधांची यादी आटोपशीर ठेवा : आर्कराइटची सूत कातायची चौकट आणि वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९, कार्टराइटचा यंत्रमाग १७८५, व्हिटनीचं सरकी काढण्याचं यंत्र १७९३, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३०. सरकीच्या यंत्राने कष्ट कमी होऊन गुलामी ओसरली नाही, उलट कापसाची शेती पसरली आणि गुलामांची मागणी वाढली. हा मुद्दा स्वतंत्र ओळीत लिहा.

अफूला मात्र दोन पानं हवीत. ब्रिटनला चिनी चहा हवा होता आणि चीनला चांदी. चांदीचा ओघ थांबवायला कंपनीने बिहार-बनारसकडची अफू मक्त्याने पिकवून घेतली, कलकत्त्यात लिलाव केला आणि खासगी व्यापाऱ्यांकरवी ती चीनमध्ये उतरवली. माळव्याची अफू आधी दमणमार्गे आणि मग मुंबईतून जायची, आणि जमशेदजी जीजीभाईंसारख्यांच्या संपत्तीत हा व्यापार होता. मुंबईच्या भरभराटीबद्दल लिहिताना हे लपवायचं कारण नाही. १८३९ मध्ये आयुक्त लिन झेशू याने २० हजारांहून जास्त पेट्या जप्त करून हूमेनला नष्ट केल्या. ब्रिटनने आरमार पाठवलं. २९ ऑगस्ट १८४२च्या नानजिंगच्या तहाने हाँगकाँग, व्यापाराला खुली केलेली पाच बंदरं आणि २ कोटी १० लाख डॉलर पदरात पाडून घेतले. त्या तहात अफूच्या व्यापाराला परवानगी देणारं कलम नाही, ती मान्यता १८५८च्या जकातीच्या करारात आली. परीक्षेत हा फरक विचारला जाऊ शकतो. जपानला १८५३ मध्ये आलेला अमेरिकी आरमारी अधिकारी पेरी आणि १८६८ची मेइजी पुनर्स्थापना, म्हणजे सम्राटाच्या हाती परत आलेली सत्ता, याच पानाच्या उजवीकडे लिहा, म्हणजे तुलनेचा प्रश्न आपोआप तयार होतो.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांचं उखळ पांढरं झालं, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. पण चौथा रकाना बघा. चढ्या भावाच्या जोरावर सावकारांनी सढळ हाताने उधारी दिली होती. भाव पडल्यावर कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिलं, त्यात शेतसारा वाढवला गेला, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि चोपड्या जाळल्या. तिथून दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. १८७९चा दख्खन शेतकरी कायदा त्यानंतरचा. वॉशिंग्टनपासून सुप्यापर्यंतची ही रेघ नकाशावर स्वतःच्या हाताने ओढा.

सुवेझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ला खुला झाला. इजिप्त कर्जात बुडाल्यावर १८७५ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने कालव्यातला इजिप्तचा हिस्सा सुमारे ४० लाख पौंडांना विकत घेतला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली. आधी कर्ज, मग सल्लागार, मग सैन्य, हा क्रम लक्षात ठेवा. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळातल्या बर्लिन परिषदेला १४ देश होते, आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. तिथे पट्टी ठेवून सरहद्दी आखल्या, असं लिहू नका. तिथे हक्क सांगण्याचे नियम ठरले आणि रेघा पुढच्या वर्षांतल्या करारांनी पडल्या. क्विनाइन, वाफेची बोट आणि १८८४ची मॅक्झिम मशीनगन यांच्याशिवाय हा वेग समजत नाही.

काँगोसाठी एका कारकुनाकडे पाहा. जहाज कंपनीत काम करणाऱ्या मोरेलने अँटवर्पच्या धक्क्यावर नोंदी ताडून पाहिल्या. काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरून जहाजं येत होती आणि परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा होता. बदल्यात व्यापाराचा माल जातच नसेल तर तिथली माणसं जबरदस्तीने राबत असणार, हे त्याने त्या जमाखर्चावरून ओळखलं. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आल्यानंतर रबराची मागणी भडकली होती. काँगोचा खासगी मालक असलेला बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या हातून १९०८ मध्ये काँगो बेल्जियमच्या सरकारकडे गेला, त्यामागे मोरेल आणि त्याच्या साथीदारांची मोहीम होती.

शेवटी तीन कोरे नकाशे घ्या आणि वही मिटून १४९२, १८१५ आणि १९१४चं जग भरा. १९१४च्या नकाशात इथिओपियाला कुठल्याही साम्राज्याचा रंग लागता कामा नये आणि त्यावर अदवा हे नाव व १ मार्च १८९६ ही तारीख हवी. तिथे मेनेलिकच्या फौजेने इटलीला हरवलं. लायबेरियाही मोकळा ठेवा. जिथे हात अडेल त्या प्रदेशाच्या पानावर परत जाऊन चारही रकाने पुन्हा भरा आणि मगच पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली त्या साराजेवोची, म्हणजे २८ जून १९१४ची नवी वही उघडा.