रंगीत काचेच्या भेटवस्तू : तांब्याची पट्टी आणि सोल्डर वापरताना या चुका टाळा

उत्तरायण जवळ आले की बडोद्यातल्या मराठी घरांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचे याची चर्चा सुरू होते, आणि अलीकडे त्यात रंगीत काचेच्या पतंगाचे नाव हमखास निघते. कल्पना चांगली आहे. चार त्रिकोणी तुकडे, सगळ्या रेषा सरळ, वर टांगायला एक कडी. शिकाऊ हाताला यापेक्षा योग्य नमुना नाही. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या खिडक्या पाहून आलेल्यांना पहिल्याच प्रयत्नात मोर किंवा कमळ करावेसे वाटते. त्यांनाही मी आधी पतंगच करायला लावते. परंतु या साध्या पतंगातही त्याच त्या चुका दर वर्षी होतात, आणि त्या बहुधा वस्तू दुसऱ्याच्या घरी गेल्यावर उघडकीस येतात. स्वतःच्या खिडकीतली वस्तू आपण केव्हाही उतरवून दुरुस्त करू शकतो. वाण म्हणून दिलेली वस्तू परत मागणे अवघड असते, म्हणून भेटीसाठी केलेल्या कामात सूट घेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून त्या पट्ट्या सोल्डरने, म्हणजे कथील-शिशाच्या वितळवलेल्या मिश्रधातूने, जोडण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्यांत दिव्यांच्या रंगीत छत्र्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. शिशाच्या जाड खाचपट्ट्यांत न बसणारे लहान तुकडे तिच्यामुळे जोडता येऊ लागले. या पद्धतीतली मूळ गोष्ट अशी की सोल्डर काचेला चिकटत नाही, ते केवळ तांब्याला धरते. पट्टीच्या पाठीचा गोंद ती सोल्डर होईपर्यंत जागेवर राहावी एवढ्यापुरताच असतो. वस्तू टिकते ती सांध्यांच्या दोन्ही अंगांना आणि कडांवर तयार होणाऱ्या धातूच्या सलग सांगाड्यामुळे. हे एकदा समजले की पुढच्या बहुतेक चुकांचे कारण आपोआप कळते.

काच कापण्याबद्दल थोडक्यात सांगते. कटरची रेघ एकदाच ओढावी. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवल्याने काच वेडीवाकडी तुटते आणि कटरचे चाकही खराब होते. एक बाजू खरबरीत असेल तर रेघ गुळगुळीत बाजूवर ओढावी. काचवाल्याकडून उरलेले तुकडे आणताना ते टफन (तापवून मुद्दाम कणखर केलेल्या) काचेचे नाहीत याची खात्री करून घ्यावी, कारण ती काच कापता येत नाही. रेघ खोल गेली की तिचा चुरा होतो. तुकड्यांमध्ये फट राहिली तर ती सोल्डरने भरून काढण्याचा मोह होतो, पण वितळलेले सोल्डर फटीतून खाली गळते आणि सांधा जाड व बेढब दिसतो. तुकडा पुन्हा कापावा. काच स्वस्त आहे.

पतंगाच्या मध्यभागी चार टोके एकत्र येतात, आणि तिथे पट्टीचे आठ पदर जमा होतात हे कागदावरच्या नमुन्यात दिसत नाही. म्हणून पट्टी लावण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्याचे आतले टोक काच घासायच्या ग्राइंडरवर अगदी थोडे बोथट करावे. हे केले नाही तर टोके एकमेकांवर रेटतात, पतंगाच्या बाहेरच्या कडा जुळत नाहीत, आणि दाबून बसवताना एखादे टोक हमखास उडते.

ग्राइंडरची ओली पूड, कटरचे तेल आणि बोटांचा तेलकटपणा काचेच्या कडेवर राहिला तर पट्टी चिकटत नाही. माझ्याकडे प्रत्येक तुकडा भांडी घासण्याच्या साबणाने धुतला जातो, स्वच्छ पाण्यातून काढला जातो, सुती कापडावर पूर्ण वाळतो आणि त्यानंतर त्याच्या कडेला कोणी बोट लावत नाही. पट्टी मध्यावर बसणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेला ७/३२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर रुंदीची पट्टी लावली तर दोन्ही अंगांना साधारण १.३ मिलिमीटर काठ येतो. पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली तर एका बाजूचा काठ दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होतो, आणि अरुंद बाजूची पट्टी पुढे सोलून निघते. सरकलेली पट्टी काढून नवीन लावावी. सोल्डरखाली सगळे झाकले जाईल असे समजणारे पुढे निराश होतात. पट्टी चिकटवल्यावर ती लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने घासून काचेवर सपाट बसवावी, कारण तिच्या सुरकुतीतूनच पुढे फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावे म्हणून तांब्यावर लावायचे रसायन, आत शिरतो. काच पारदर्शक असेल तर पट्टीची गोंदाकडची बाजू आरपार दिसते, म्हणून सांधे काळे करायचे असतील तर काळ्या पाठीची पट्टी घ्यावी.

पट्टीचे उरलेले वेटोळे पावसाळ्यात उघडे ठेवले तर तांबे काळवंडते आणि त्यावर सोल्डर पसरत नाही. मी ते हवाबंद पिशवीत ठेवते, आणि पट्टी लावलेले तुकडे शक्यतो त्याच दिवशी जोडते. काळवंडलेली पट्टी बारीक स्टील वूलने हलके घासून पुन्हा कामाची होऊ शकते.

आता साधनांविषयी. रेडिओ दुरुस्तीचे २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरत नाही. काच आणि तांबे दोन्ही उष्णता ओढून घेतात, टोक थंड पडते आणि सांध्यावर गोळे जमतात. ८० ते १०० वॉटचे, चपट्या टोकाचे आयर्न हवे. तसेच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी सोल्डरची तार पोटात राळ भरलेली असते. ती राळ सांध्याभोवती तपकिरी चिकट थर सोडते, जो पाण्याने निघत नाही आणि ज्यावर पाटिना (सोल्डरला काळा किंवा तांब्याचा रंग देणारे द्रावण) नीट चढत नाही. पोटात काही नसलेली भरीव तारच घ्यावी आणि फ्लक्स वेगळा लावावा. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण प्रवाही होते. या अरुंद टप्प्यामुळेच त्याचा गोल, गुळगुळीत सांधा बनतो. ५०-५० चे सोल्डर पूर्ण वितळायला २१० अंशांहून अधिक तापमान लागते आणि ते थिजायलाही वेळ घेते, त्यामुळे त्याचा सांधा चपटा व खडबडीत होतो. आयर्नचे टोक काळे पडले असेल तर ते नवसागराच्या वडीवर घासून पुन्हा सोल्डरने माखावे. कल्हईवाल्यांच्या हातातला हा जुना पदार्थ आपल्यालाही तितकाच उपयोगी आहे. सांध्याच्या एकाच जागी टोक टेकवून बसू नये, कारण तेवढ्याच भागात तापलेली काच तडकते. मनाजोगता सांधा आला नाही तर तो थंड होऊ द्यावा, दुसरीकडे काम करावे आणि मग परत यावे. नवशिक्यांना हे थांबणेच जमत नाही.

ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ती म्हणजे फ्लक्स धुऊन न काढणे. या कामाच्या फ्लक्समध्ये बहुधा झिंक क्लोराइड असते. ते तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकते म्हणूनच सोल्डर पसरते. पण काम झाल्यावर ते तिथेच राहिले तर हवेतला दमट ओलावा ओढून घेत राहते आणि सोल्डरला खात राहते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी संक्रांतीसाठी असे पतंग मोठ्या हौसेने केले होते. सोल्डर सुबक होते, रंगांची निवड सुंदर होती, आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत सगळे पतंग चकचकीत दिसत होते. जूनच्या अखेरीस पाऊस लागला आणि एकेका घरातून निरोप येऊ लागले, की पतंगाला बुरशी आली आहे. वहिनींनी मोठ्या संकोचाने बरेचसे पतंग परत गोळा केले आणि साडीच्या खोक्यात घालून माझ्याकडे आणले. “ताई, पुसला होता हो मी प्रत्येक पतंग,” असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांचे म्हणणे खरेच होते. त्यांनी प्रत्येक पतंग कोरड्या फडक्याने पुसला होता. पाणी लागले तर चमक जाईल असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

भिंगाखाली पाहिल्यावर दोष कुठे आहे ते स्पष्ट दिसले. सांध्याचा माथा बऱ्यापैकी स्वच्छ होता. जिथे सोल्डरचा काठ काचेला भेटतो, त्या केसाएवढ्या खाचेत मात्र पांढऱ्या पिठूळ पुळ्यांची ओळ उठली होती, आणि तिच्याखालचा काळा पाटिना उखडून राखाडी धातू उघडा पडला होता. फडके त्या खाचेत कधीच पोहोचत नाही. ही बुरशी नव्हती. गंजाचाच तो प्रकार होता, आणि त्या पुडीत शिशाचे क्षार असू शकतात म्हणून ती कोरडी खरवडणे धोक्याचे असते. आम्ही हातमोजे घालून प्रत्येक पतंग कोमट साबणपाण्यात ठेवला, मऊ टूथब्रशने खाच न खाच घासली, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात घालून उरलेले आम्ल मारले आणि स्वच्छ पाण्यातून दोनदा काढले. जिथे धातू खडबडीत झाला होता तिथे ओल्या बारीक स्टील वूलने घासून पुन्हा सोल्डर फिरवावे लागले, पुन्हा धुवावे लागले, पुन्हा पाटिना आणि मेण लावावे लागले. मुळात धुण्याला प्रत्येक पतंगामागे फार तर पाच मिनिटे लागली असती.

तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्यांना एकच पद्धत लावून दिली आहे, आणि ती कोणी मोडलेली मला चालत नाही. सोल्डरचे काम ज्या दिवशी झाले त्याच दिवशी वस्तू साबणपाण्याने आणि ब्रशने धुवायची. अर्धवट काम रात्रभर ठेवायचे असले तरी धुऊन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी नवा फ्लक्स लावायचा. धुतल्यावर पूर्ण वाळवून लगेच पाटिना लावायचा, कारण सोल्डर हवेत राहिले की त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि रंग ठिगळासारखा चढतो. तांब्याचा रंग देणारा पाटिना म्हणजे मुख्यतः मोरचुदाचे द्रावण असते, तर काळ्या पाटिनात बहुधा सेलेनियमचे विषारी संयुग असते. दोन्हींना हातमोज्यांशिवाय हात लावू नये. पाटिनाही पुन्हा धुवायचा, वाळवायचा आणि मग गाडीच्या पॉलिशचे मेण लावून मऊ कापडाने चकाकी आणायची.

दुसरी चूक कडीची आहे, आणि तिच्यामुळे वस्तू खाली पडून फुटते. पतंग दिसायला बरोबर लटकावा म्हणून काही जण कडी बाहेरच्या काठावर, दोन सांध्यांच्या मधल्या पट्टीला टाचतात. तिथली पट्टी काचेला केवळ गोंदाने आणि सोल्डरच्या पातळ थराने धरून असते. वस्तूचे सगळे वजन तिच्यावर आले की ती हळूहळू काचेपासून सुटते. कडी नेहमी जिथे सांधा काठापर्यंत येतो तिथेच बसवावी आणि तिचा पाय सांध्याच्या सोल्डरमध्ये काही मिलिमीटर खाली उतरवावा, म्हणजे भार आतल्या सांगाड्यावर जातो. पतंगाच्या वरच्या टोकाशी उभा सांधा येतोच, तेव्हा तिथे पर्यायच शोधायला नको. वस्तू तळहातापेक्षा मोठी असेल तर मी बाहेरच्या काठाभोवती कल्हई केलेली तांब्याची तार फिरवून ती सोल्डर करते. तिने काठ मजबूत होतो आणि कडीलाही भक्कम आधार मिळतो. काही उतावीळ मंडळी कडी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावतात. अशी वस्तू भेट देऊ नये. खिडकीतल्या उन्हात तापणाऱ्या काचेखाली कोणाचे तरी मूल खेळत असेल, एवढे ध्यानात ठेवावे.

शिशाबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही टोकाच्या दिसतात. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, त्याचा उत्कलनबिंदू १७४९ अंश सेल्सिअस आहे. नाकात जातो तो फ्लक्सचा धूर, आणि तोही त्रासदायक असल्याने खिडकी उघडी व पंखा धूर बाहेर ओढणारा हवा. शिसे शरीरात जाते ते हातावरून तोंडात. म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये, करताना चहा-फराळ जवळ ठेवू नये आणि उठताना हात साबणाने धुवावेत. याच कारणासाठी शिशाच्या सोल्डरने जोडलेली वाटी, ताटली, पाण्याच्या पेल्याखालची चकती किंवा कानातले कोणाला देऊ नयेत. निरांजन किंवा मेणबत्ती ठेवायची घरे अनेकांना करावीशी वाटतात. ज्योत काचेजवळ आली तर काच तडकते आणि सोल्डर मऊ पडते, तेव्हा आत विजेचा लहान दिवाच ठेवावा.

भेट बांधताना वस्तू पूर्ण कोरडी असल्याची खात्री करावी आणि मेण लावल्यानंतर एक दिवस तरी ती उघडी ठेवावी. सोबत दोन ओळींची चिठ्ठी घालावी : कोरड्या मऊ कापडाने पुसावे, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव वापरू नये, लहान मुलांच्या हाती खेळायला देऊ नये, आणि कडीत दोऱ्याऐवजी बारीक साखळी किंवा मजबूत तार ओवावी, कारण उन्हापावसात सुती दोरा कुजतो.