फ्रेंच पाहुण्यांना हो-नाही विचारलं की उत्तर उलटं समजत होतं: माझा अनुभव

पुतणीचा साखरपुडा ठाण्यात, नौपाड्यातल्या हॉलवर. मुलाकडचे सहाजण फ्रान्समधल्या ल्योंहून येणार होते आणि जेवणाचं विचारायचं काम माझ्याकडे. मी फोनवर विचारलं, 'वू न मांजे पा द प्वासों?' म्हणजे, मासे खात नाही ना? उत्तर आलं, 'सी'. तो होकार समजून मी सहाही ताटं शाकाहारी सांगून टाकली. दोन दिवसांनी कळलं, त्यांना सुरमई हवी होती. जीव अगदी मेटाकुटीला आला.

साधं वाक्य नुसता शेवटी सूर चढवूनही विचारून पाहिलं. फोनवर चालतं, मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह टाकायचं राहून गेलं आणि 'वू वने सामदी' (तुम्ही शनिवारी येताय) हे त्यांना विधान वाटलं.

गोम अशी: आपण 'नाही ना?'ला 'हो' म्हणतो, म्हणजे नाहीच. फ्रेंचमध्ये खात नसतील तर 'नों', खात असतील तर 'सी'. 'वी', म्हणजे साधं 'हो', फक्त होकारार्थी प्रश्नाला.

मग माझ्या प्रश्नातले नकाराचे 'न' आणि 'पा' आधी काढले. नकारामुळे आलेल्या 'द'चं 'द्यू' केलं. शेवटी वाक्याच्या सुरुवातीला 'एस्क' लावलं; आपला 'का' शेवटी येतो, त्यांचा आधी, बाकी शब्दक्रम तोच. 'एस्क वू मांजे द्यू प्वासों?' पुढे 'इल' (तो) असेल तर 'एस्किल' होतं. 'मांजे-वू' असंही विचारतात, पण ते औपचारिक वाटतं.

एका मेसेजमध्ये एकच प्रश्न ठेवला. उत्तर आलं, 'वी, कात्र.' चार ताटं सुरमईची, दोन वालाच्या बिरड्याची.