क्यूसी लॅबमध्ये पहिला ओओएस येईल तेव्हा

बी. फार्म किंवा एमएस्सी ॲनालिटिकल करून औषध कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषध तपासणाऱ्या विभागात) रुजू होणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कसं चालतं, सिस्टिम सुटेबिलिटी म्हणजे काय, बॅच रिलीज कशी होते हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला बोलायचंय ते कंपनीची नैतिकता नेमकी कुठे ठरते याबद्दल. महिनाअखेरीला, सेकंड शिफ्टमध्ये, मॉनिटरवर ठरलेल्या मर्यादेबाहेरचा एक आकडा, म्हणजेच ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन), येतो आणि तिथे ती ठरते. त्या वेळी समोर बहुतेकदा तुम्ही एकटे असता.

नोकरी करता करता मी फार्मा मॅनेजमेंटचा कोर्स केला. त्यात बिझनेस एथिक्सचा पेपर होता आणि त्यातला बराच भाग सीएसआरवर (कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चावर) होता: कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. शिवाय टायलेनॉल या वेदनाशामक औषधाची केस. १९८२, शिकागोत विष मिसळलेल्या कॅप्सूल खाऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि जॉन्सन अँड जॉन्सनने तीन कोटींहून अधिक बाटल्या बाजारातून परत घेतल्या. केस उत्तम आहे, मुलाखतीत सगळे तीच सांगतात. पण तो निर्णय कंपनीच्या प्रमुखांनी घेतला होता, सगळं जग बघत असताना. तुमच्या वाट्याला येणारा निर्णय इतका छोटा असतो की तो निर्णय आहे हेच कळत नाही.

तो असा येतो. ‘असे’ची (गोळीत औषध किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीची) मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे आणि तुमचा निकाल आलाय ९३.८. नवीन माणसाच्या मनात लगेच येतं की माझंच काहीतरी चुकलं. डायल्यूशन चुकलं असेल, सोनिकेशन (ध्वनिलहरींनी औषध विरघळवणं) कमी पडलं असेल, बोलणी बसतील. मला कितीतरी दिवस प्रत्येक ओओएसला हेच वाटायचं, पोटात गोळा यायचा. माझ्या मते खरा सापळा हा आहे. फेल निकाल म्हणजे आपली चूक असं एकदा मानलं, की ती गुपचूप निस्तरणं हा शहाणपणा वाटायला लागतो. आपण खोटेपणा करतोय असं त्या वेळी कोणालाच वाटत नाही. ‘अगं, एक ट्रायल मारून बघ, पास झालं की सेटमध्ये लाव’ (म्हणजे आधी नोंद न करता चालवून बघ, मगच अधिकृत नोंदीत घे) असं सीनियर म्हणतो तेव्हा तो आपल्याला वाचवतोय असंच वाटतं.

हे सावकाश वाचा, कारण माणसं इथेच बुडतात. समजा गोळीत औषध खरंच कमी आहे. तुम्ही तेच सोल्युशन पुन्हा यंत्रात सोडलं (इंजेक्ट केलं), मग नवीन सॅम्पल केलं, तिसऱ्यांदा ९५.२ आलं आणि तेच वर्कशीटवर चढवलं. आधीचे दोन आकडे कुठे गेले? ते सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये (कोणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) आहेत, ‘टेस्ट’ किंवा ‘डेमो’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, तारीख, वेळ आणि तुमच्या लॉगिनसकट. सीनियरचं नाव तिथे कुठेही नाही. ज्याने सांगितलं तो तोंडी सांगून गेला, ज्याने केलं त्याचा पुरावा राहिला. यातून तुमचा हेतू चांगला होता हे कोणालाही दिसणार नाही. आणि ती बॅच बाजारात गेली, कोणीतरी ती गोळी घेतेय, हे तर त्याहून मोठं.

अमेरिकेत यावर १९९३ सालीच न्यायालयाचा निकाल आला. बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश वोलिन यांनी पास होईपर्यंत टेस्ट करत राहण्याची पद्धत नाकारली. २००६ ची एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची) ओओएस गाइडन्स त्याच वाटेने जाते. २०१८ च्या डेटा इंटिग्रिटी (नोंदींचा खरेपणा) गाइडन्समध्ये तर ट्रायल रनच्या नावाखाली खरं सॅम्पल चालवून बघण्याचा मुद्दा स्पष्ट घेतलाय. त्यामुळे ‘आमच्याकडे असंच करतात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

मग करायचं काय? हात थांबवायचा. व्हायल, फ्लास्क, स्टँडर्ड (तुलनेसाठीचं प्रमाणित औषध), उरलेलं सोल्युशन, काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही. नवीन मुलं घाबरून टेबल साफ करतात आणि नेमका स्वतःला वाचवणारा पुरावा धुऊन टाकतात. डायल्यूशन खरंच चुकलं होतं का, हे त्या फ्लास्कवरूनच तपासता येतं. मग सुपरवायझरला सांगायचं आणि वेळ लिहून ठेवायची. पुढे फेज वन इन्व्हेस्टिगेशन (लॅबमधली पहिली चौकशी) सुरू होतं: कॅल्क्युलेशन, वजनं, कॉलम, स्टँडर्डचा प्रतिसाद. तिथे तेच सोल्युशन पुन्हा इंजेक्ट करायची परवानगी मिळू शकते, पण ती कशासाठी हे आधी लिहून. लॅबची चूक सापडली तर निकाल रद्द होतो, तोही कारणासकट. सापडली नाही तर चौकशी प्रॉडक्शनकडे जाते, आणि तुमच्यावरचा भार उतरतो. फेल निकाल म्हणजे तुमच्या कामाची फलश्रुती आहे. बॅचमधला दोष शोधण्यासाठीच तर तुम्हाला तिथे बसवलंय.

आता याचा कंपनीच्या धंद्याशी काय संबंध? रॅनबॅक्सी ही भारतीय औषध कंपनी बघा. सप्टेंबर २००८ मध्ये एफडीएने तिच्या देवास आणि पाओंटा साहिब इथल्या प्लांटच्या तीसहून अधिक औषधांना अमेरिकेत बंदी केली. दिनेश ठाकूर या माजी अधिकाऱ्याने कंपनीचा डेटा कसा तयार होतो हे तिथल्या यंत्रणांना कळवलं होतं. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने गुन्हे कबूल केले आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. पण मला दंडापेक्षा पुढची गोष्ट जास्त बोलकी वाटते. अमेरिकेत जेनेरिक औषधाच्या (मूळ ब्रँडच्या औषधाच्या स्वस्त पर्यायाच्या) मंजुरीसाठी पहिली फाइल करणाऱ्या कंपनीला १८० दिवसांची सवलत मिळते, त्या काळात दुसऱ्या जेनेरिकला वाट बघावी लागते. जेनेरिक धंद्यातली खरी कमाई त्या सहा महिन्यांत असते. नेक्सियम आणि व्हॅलसाइट या दोन औषधांसाठी रॅनबॅक्सी रांगेत पुढे होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये एफडीएने तिच्या तात्पुरत्या मंजुऱ्या मागे घेतल्या आणि ते स्थान दुसऱ्यांकडे गेलं. २००८ मध्ये कंपनी विकत घेणारी जपानची दाइची सांक्यो सिंगापूरच्या लवादाकडे गेली. माहिती लपवून विकल्याच्या तिच्या तक्रारीवर २०१६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तोवर रॅनबॅक्सी सन फार्मात विलीन झाली होती.

हे ऐकून ‘प्रामाणिक कंपनीच जिंकते’ असा समज करून घेऊ नका. ज्या लॅबमध्ये ट्रायल मारतात तिची बॅच तुमच्या आधी डिस्पॅच होते, तिचा मॅनेजर मीटिंगमध्ये कौतुक ऐकतो, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. प्रामाणिकपणाचा फायदा दिसतो तो ऑडिटच्या आठवड्यात, परदेशी ग्राहक प्लांट बघायला येतो तेव्हा, आणि शेजारच्या कंपनीला एफडीएचं वॉर्निंग लेटर (नियमभंगाचा लेखी इशारा) आल्यावर तिच्या ऑर्डर तुमच्याकडे वळतात तेव्हा.

आणि हा फायदा ॲनालिस्टच्या चारित्र्यावर सोडून मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. सात इन्स्ट्रुमेंटला तीन माणसं दिली आणि पंचवीस तारखेनंतर रोज डिस्पॅचचा फोन आला, की मॅनेजमेंटने निर्णय घेतलेलाच असतो, फक्त सही तुमची लागते. नोटीस बोर्डवर ‘या महिन्यात ओओएस शून्य’ असं अभिमानाने लावलेलं दिसलं तर मला काळजी वाटते. शून्यावर बक्षीस ठेवलं की माणसं शून्य आणून देतात.

गुरूबद्दल एक सांगते. लॅबमधला सगळ्यात फास्ट माणूस गुरू करू नका. मॅन्युअल इंटिग्रेशनने (आलेखातल्या उंचवट्याची, म्हणजे पीकची, सीमा हाताने ठरवून) कुठलाही पीक हवा तसा बसवून देतो म्हणून ज्याचं नाव असतं, त्याच्यापासून तर लांबच राहा. मला ज्या मॅडमनी घडवलं त्या संथ होत्या, प्रत्येक निकालामागचा रॉ डेटा मागायच्या, आणि ओओएस आला की खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. ‘काय दिसतंय ते सांग, काय असायला हवं ते नको,’ एवढंच म्हणायच्या. मी वाकड्या वाटेला लागले नाही, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

डेटा इंटिग्रिटीची पैसे भरून मिळणारी सर्टिफिकेटं घेऊ नका. एफडीएच्या साइटवर वॉर्निंग लेटर्स फुकट वाचायला मिळतात. दर रविवारी एक वाचा, भारतीय प्लांटचं निवडा. त्यातली लॅब वाळूजची, कुरकुंभची किंवा गोव्यातल्या वेर्ण्याची कुठलीही असू शकते इतकी ओळखीची वाटते.

हात थरथरला तर थरथरू दे, सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे. ‘सर, निकाल मर्यादेबाहेर आलाय, सोल्युशन ठेवलंय’ हे वाक्य आत्ताच दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा. मुलाखतीला जाल तेव्हा त्यांनी ‘काही विचारायचंय का’ म्हटलं की पगारासोबत हेही विचारा: रात्री अकराला ओओएस आला तर ॲनालिस्टने फोन कोणाला करायचा? ज्या लॅबला हे ठाऊक असतं ती लगेच नाव सांगते. समोरचे दोघं एकमेकांकडे बघू लागले, तर ऑफर हातात असली तरी दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.