आधी वही, मग फोन

गोव्यातल्या साखळीचं घर सोडून एम.ए.साठी पणजीजवळच्या सांताक्रुझला खोली घेतली, त्या वर्षी माझा फोन उशाशी असायचा. रात्री अकराला रील्स बघायला लागायचे आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू आला की उजाडल्याचं कळायचं. एका परीक्षेला मी पोचलेच नाही, झोपून राहिले. घाबरून सगळी ॲप्स काढून टाकली आणि चार दिवसांत परत घेतली. असं दोनदा झालं. म्हणून माझं सांगणं आहे, ॲप काढण्यापासून सुरुवात करू नका.

एक साधी वही घ्या. सात दिवस, काम नसताना फोन उचलला की किती वाजले ते लिहा आणि उचलण्याआधी मनात काय होतं ते एका शब्दात लिहा. तास मोजायला अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनवर स्क्रीन टाइम आहे, पण ते आकडे बघून मला नुसती लाज वाटायची. कारण सापडलं ते वहीत. मला वाटलं होतं 'कंटाळा' जास्त निघेल. पानोपानी निघाली 'भीती'. प्रबंधाची फाइल उघडली की पाच मिनिटांत फोन हातात. आईने "अभ्यास बरा चाललाय ना गो?" असं विचारून फोन ठेवला, की पुन्हा तेच.

जो शब्द जास्त वेळा येईल, उपाय त्याच्यावर करा. भीती असेल तर काम लहान करा. मी मॅडमना दर शुक्रवारी अर्धं पान दाखवायचं ठरवलं, कच्चं असलं तरी. एकटेपणा असेल तर माणसांत जायला हवं. पेडण्याची माझी मैत्रीण आणि मी संध्याकाळी बसने मिरामारला जाऊन वाळूत चालायचो, फोन पिशवीत. सुट्टीत गावी असाल तर भजनाला बसा, जत्रेच्या नाटकाच्या तालमीला जा, चवथीला घुमट घ्या. घुमट वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात.

रील्स थांबवणं आपल्याला जड का जातं, हेही समजून घ्या. पूर्वी वेबपानाला तळ असायचा, 'पुढचं पान' दाबावं लागायचं. 2006 मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं, आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. तळच नाही, त्यात पुढचा व्हिडिओ आवडेल की नाही हे आधी कळत नाही, म्हणून बोट सरकतच राहतं. तेव्हा शेवट फोनबाहेर ठरवा. मी पणजीच्या कदंब स्टँडवर साखळीची बस लागेपर्यंतच रील्स बघते. बस लागली की फोन आत. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा. नोटिफिकेशन्स बंद करा, पण वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालू राहू द्या, नाहीतर काहीतरी चुकेल या धास्तीनेच फोन दहादा बघाल. स्क्रीन काळीपांढरी करण्याचा उपाय माझ्याकडे तीन दिवस टिकला.

सगळ्यात जास्त फरक पडला तो झोपेने. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गजराचं घड्याळ आणलं आणि चार्जर स्वयंपाकघरात नेला. पहिल्या रात्री फार अस्वस्थ वाटलं, दोनदा उठून ओट्यापाशी गेले. दुसऱ्या आठवड्यात रात्री बाराच्या आत झोप लागायला लागली.

हे सगळं करूनही दोन आठवडे मन उदास राहिलं, जेवण-झोप बिघडली, वर्ग बुडत राहिले, तर फोनच्या आड दुसरं काही असू शकतं, आणि ते एकट्याने सोडवायचं नसतं. गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत आहे, ती 2022 पासून लागू झाली. तेव्हा डॉक्टरांना हे नवीन नाही. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. तिथलं नाव काढलं की आपल्याकडे लोक कुजबुजतात, मलाही ती कुजबुज अडवत होती. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच लावा आणि शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी उठवा.

समुपदेशकांसमोर पहिल्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. तुम्हीही ती बरोबर न्या.